लाळेची पट्टी आधी मशेरी लावणाऱ्यांच्या तोंडात तपासा

प्रति,
असंसर्गजन्य आजार नियंत्रण आणि मौखिक आरोग्य कार्यक्रम पाहणारे अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : मधुमेहींच्या हिरड्यांची तपासणी आणि लाळेतल्या प्रथिनांवर आधारलेल्या चाचण्या

मा. महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

मी हिरड्यांची डॉक्टर आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण यातला निम्मा मजकूर आपल्यासाठी आहे आणि उरलेला माझ्याच व्यवसायातल्या लोकांना ऐकवायचा आहे.

आपल्या टेबलावर आज ना उद्या एक प्रस्ताव येईल. त्यात एक छोटा कप असेल, शुद्ध पाण्याची कुपी असेल आणि कोविडच्या घरगुती चाचणीत असायची तशी पट्टी असेल. आधी साधी चूळ भरायची, मिनिटभर थांबायचं, मग कुपीतलं पाणी अर्धा मिनिट तोंडात खळखळवून कपात थुंकायचं आणि त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. पाच-दहा मिनिटांत एक रेघ उमटली की दोन, एवढंच पाहायचं. दोन रेघा म्हणजे हिरड्यांत दाह पेटलेला आहे. सुई नाही, दंतवैद्याची खुर्ची नाही, आशाताईंनाही करता येईल असं काम. प्रस्तावात मधुमेह असेल, हृदयविकार असेल, आणि ‘वेदनारहित’ हा शब्द तर दर पानावर असेल.

ही चाचणी थोतांड नाही. मी तिच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच ती घाईत विकत घेतली जाऊन वर्षभरात बदनाम होऊ नये असं मला वाटतं.

ती काय मोजते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते, निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल. तिथे कीटण साठलं की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, मुख्यतः न्यूट्रोफिल. या पेशींमधल्या बारीक कणांत एक विकर भरून ठेवलेलं असतं. त्याचं पूर्ण नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८. आम्ही नुसतं एमएमपी-८ म्हणतो. पेशीत असेपर्यंत ते निष्क्रिय असतं. बाहेर पडून सक्रिय झालं की कोलॅजनचा धागा नेमक्या एका जागी कापतं. एका बाजूला तीन चतुर्थांश तुकडा, दुसऱ्या बाजूला पाव. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू बहुतांशी कोलॅजनचेच. म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या फौजेचा मुक्काम लांबला की ती यजमानाच्याच घराचे वासे कापायला लागते.

त्या फटीतून दिवसभरात झिरपणारा द्रव जेमतेम एक-दोन मिलिलिटर. तो मिसळतो रोजच्या अर्धा ते दीड लिटर लाळेत. लाळेत आधीच हजारावर प्रकारची प्रथिनं आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादीत ११६६ होती. त्यातली ठळक प्रथिनं लाळग्रंथींची स्वतःची: पिठूळ पदार्थ फोडणारं अमायलेज, लाळ बुळबुळीत ठेवणारं म्यूसिन, दाताचं कॅल्शियम सांभाळणारं स्टॅथरिन. या गर्दीत हिरडीतून आलेली प्रथिनं शोधायची म्हणजे एमएमपी-८, इंटरल्यूकिन-१ बीटा, कॅलप्रोटेक्टिन, रक्तातून झिरपलेलं अल्ब्युमिन. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातले टिमो सोर्सा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं यातल्या एकट्या एमएमपी-८ च्या मागे लागले, आणि त्यांच्या कामातून ही पट्टी आली. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही तिची सीमारेषा. सक्रिय एमएमपी-८ त्याच्या वर गेलं की दुसरी रेघ उमटते.

हेच विकर पकडण्यामागचं कारण आणखी जुनं आहे आणि आपल्या कामाचं आहे. १९८३ साली अमेरिकेत लॉर्न गोलब यांनी मधुमेही उंदरांवर काम करताना दाखवलं, की टेट्रासायक्लिन गटातलं औषध जंतू मारण्याच्या गुणापलीकडे, हिरडीतली कोलॅजन कापण्याची क्रियाच मंदावतं. त्यातूनच पुढे डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची गोळी आली, जंतूंना धक्काही लागणार नाही एवढ्या कमी मात्रेची; १९९८ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. मधुमेह आणि हिरडी यांची गाठ तेव्हापासून प्रयोगशाळेत दिसते आहे.

आता माझ्या हातातल्या अवजाराकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रोब म्हणजे एक बारीक सळई. टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी आणि साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरवर काळा पट्टा. तो हलक्या हाताने हिरडीत सरकवायचा आणि काळा पट्टा आत किती जातो ते पाहायचं. स्वस्त आहे, उकळून-वाफवून पुन्हा वापरता येतो, वीज लागत नाही. पण आजवर किती पडझड झाली तेवढंच तो सांगतो. पडझड आज चालू आहे का, हे त्याला कळत नाही. ते रक्त येण्यावरून ताडायचं, किंवा सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तालुक्याच्या गावात सहा महिन्यांनी परत येणारा रुग्ण म्हणजे सोन्याचा.

आणि पडझड सगळ्यांची सारखी होत नाही. १९८६ साली हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या ४८० चहामळा कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दंतवैद्य कधी पाहिलेला नाही, ब्रश वापरायची सवय नाही, सगळ्यांच्या दातांवर कीटणाचे थर. तरीही त्यातल्या सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलेच नाहीत. कीटण तेच, फरक पडला शरीर त्याला उत्तर कसं देतं याने. लाळेतली प्रथिनं मोजायची ती या उत्तरासाठी. पट्टीची खरी किंमत इथे आहे, आणि ती मी नाकारत नाही.

मधुमेहाचं तर विचारूच नका. साखर वाढलेली असली की हिरडीचा दाह भडकतो, आणि हिरडीचा दाह रक्तातली साखर आणखी बिघडवतो. बळावलेल्या पायोरियात दातांच्या मुळांभोवतीची जखमी जागा तळहाताएवढी असते असं पूर्वी शिकवायचे. २००१ साली कोणीतरी नीट हिशेब मांडला तेव्हा ती ८ ते २० चौरस सेंटिमीटर निघाली. तेवढीही काही कमी नाही. पायावर एवढी जखम घेऊन कोणी मधुमेही आपल्या केंद्रात आला, तर त्याला साखरेच्या गोळ्या देऊन कोणी घरी पाठवेल का? हिरड्या स्वच्छ केल्याने साखर उतरते का, यावर एकमत व्हायला वेळ लागला. २०१३ साली ५१४ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत फरक दिसला नव्हता. पण २०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने तीसहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं सरासरी माप, ०.४३ अंकांनी उतरल्याचं दिसलं. एखादी जादा गोळी सुरू करून डॉक्टर जेवढ्या फरकाची आशा धरतात, त्याच्या आसपासचा हा आकडा आहे.

एवढं असून, आपल्या तीस वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीत रक्तदाब आहे, साखर आहे, तोंडाचा कर्करोग आहे. आशाताई जो फॉर्म भरतात त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का, हे विचारलं जातं. ते योग्यच आहे, त्याने जीव वाचतात. पण म्हणजे टॉर्च तोंडात पडलेला असतो, गाल बाजूला केलेला असतो, आणि नजर हिरडीवरून सरळ पुढे निघून जाते. हिरडीसाठी फॉर्ममध्ये एक ओळ घालायला नवी यंत्रणा लागत नाही.

मग पट्टी घ्यावी की नाही? इथे मशेरीचा विषय येतो.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला केंद्राचा कागद, त्यावर उपाशीपोटीची साखर २६०. तक्रार एवढीच, की भाकरी चावताना खालचे पुढचे दात हलतात. हिरड्यांतून रक्त येतं का, म्हणून विचारलं. “रगत? छ्या! कधीच न्हाई. मशेरी लावतीया न्हवं दोन टायमाला, हिरड्या कशा घट्ट हायत्या.” ओठ खाली ओढला. हिरडी खरोखरच घट्ट दिसत होती. फिकट, जाडसर, मुळांवरून खाली सरकलेली, कडेने तपकिरी डाग. सूज नाही, लाली नाही. प्रोब सरकवला तर काळा पट्टा दिसेनासा झाला आणि टोक पार सात मिलिमीटरवर जाऊन थांबलं. रक्ताचा ठिपकाही नाही.

असं तोंड माझ्याकडे वरचेवर येतं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतला रक्तस्राव दबून जातो हे आमच्या पुस्तकांत फार पूर्वीपासून आहे. आजार आत वाढत राहतो, आणि रक्त पाहून सावध होण्याची संधीच माणसाला मिळत नाही. आता प्रश्न असा की रक्ताची खूण तंबाखूला झाकता येत असेल, तर प्रथिनांचं काय? काही अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांच्या लाळेत एमएमपी-८ कमी आढळलं आहे. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्यांच्याच पट्टीवर दुसरी रेघ न उमटण्याची शक्यता. पट्टी ‘सगळं ठीक’ म्हणेल, मावशी समाधानाने घरी जातील, आणि दोन वर्षांत पुढचे चार दात हातात येतील.

तंबाखूबद्दलचं हे ज्ञान बहुतेक सिगारेटचं आहे, आपलं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे ३.८ टक्के, धूरविरहित वापरणारे २४.४ टक्के. हिरडीच्या आजाराचं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं जागतिक वर्गीकरण आजाराची गती ठरवताना दिवसाला दहा सिगारेटी हा निकष धरतं. मावशींच्या हातातल्या मशेरीच्या डबीला, शेतात मळल्या जाणाऱ्या तंबाखू-चुन्याला, नागपूरकडच्या खर्र्याला त्यात रकानाच नाही. मशेरी तर थेट हिरडीवरच चोळली जाते. तिचा लाळेतल्या प्रथिनांवर काय परिणाम होतो, हे युरोपात बसून ठरणार नाही.

आपल्याकडेही ते ठरत नाही, याचं कारण आमच्या घरातलं आहे. आपल्या दंत महाविद्यालयांत हिरडीशास्त्राचे एमडीएसचे विद्यार्थी लाळेवर प्रबंध लिहितात; हा आवडता विषय आहे. गट छोटे, आणि निकषांच्या पानावर एक ठरलेली ओळ: ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखू सेवन करणारे रुग्ण वगळण्यात आले.’ नमुना स्वच्छ राहतो, परीक्षक खूश होतात. पण दर चार प्रौढांतला एक तंबाखू वापरतो अशा राज्यात तंबाखूवाले वगळून काढलेला निष्कर्ष लावायचा कोणाला? माझ्या व्यवसायबंधूंना जे ऐकवायचं होतं ते हेच. तंबाखू वगळू नका. तिचा वेगळा गट करा.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की खरेदीच्या आधी ही पट्टी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांकडे द्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एकच आराखडा ठरवून दिला तर वेगवेगळ्या जिल्ह्यांतले छोटे प्रबंध मिळून एक मोठा अभ्यास होईल. मधुमेही आणि बिगरमधुमेही, मशेरी-तंबाखूवाले आणि नसलेले, असे गट. प्रत्येकाचा पट्टीचा निकाल आणि प्रत्येकाचं सगळ्या दातांचं प्रोबिंग. प्रोबिंग करणाऱ्याला पट्टीचा निकाल ठाऊक नसावा, हेही लिहून द्या, नाहीतर हात आपोआप पट्टीच्या बाजूने झुकतो. वीस नॅनोग्रॅमची रेघ आपल्या लोकांना पुरते की खाली आणावी लागते, ते यातून कळेल. कदाचित एकट्या एमएमपी-८ ने भागणार नाही, सोबत दुसरं एखादं प्रथिन घ्यावं लागेल. तेही कळेल.

प्रत्यक्ष नमुना घेतानाच्या अडचणीही तिथेच उघड्या पडतील. मधुमेहींची तोंडं कोरडी असतात. लाळ कमी असली की तिच्यातलं प्रमाण वाढलेलं दिसतं. नुकताच ब्रश करून आलेला, नुकतंच पान खाऊन आलेला, तोंडात फोड असलेला, प्रत्येकाचा निकाल थोडा इकडेतिकडे जाणार. शिवाय लाळेत प्रथिनं तोडणारी विकरं असतातच. नमुना बर्फाविना मे महिन्यात जिल्ह्याला पाठवला तर पोचेपर्यंत त्यात मोजण्यासारखं किती उरेल ते सांगायला नको. त्यामुळे ही चाचणी जिथल्या तिथे व्हायला हवी, तीच तिची जमेची बाजू. चूळ भरून नमुना घेण्याची आपल्याला सवय नाही असंही नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, नागपूरच्या नीरी संस्थेच्या गुळण्यांच्या पद्धतीला आयसीएमआरने मान्यता दिली होती. नाकात काडी घालण्यापेक्षा लोकांना ती बरी वाटली. तोंडातून घेतलेला नमुना आपल्या राज्यात नवा नाही.

दुसरी मागणी जरा कडू आहे. पट्टीवर दोन रेघा आल्यानंतर रुग्णाने जायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठी जाईल. तिथे दंतशल्यचिकित्सक असेल तर तो दिवसभर दात काढत असतो, कारण दुखणाऱ्या दाताला थांबवता येत नाही. स्केलिंगचं यंत्र असतं, टोकं झिजलेली असतात, नवी मागवलेली असतात. खोल फटींची सफाई एका माणसाची नीट करायची तर दोन बैठका लागतात, बधिर करून. एका खुर्चीवर दिवसाला अशी किती माणसं होतील याचा हिशेब पट्ट्यांच्या संख्येआधी मांडायला हवा. नाहीतर रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत होईल. मौखिक आरोग्य कार्यक्रमाच्या पैशांत पट्टी आणि स्केलरची टोकं यांत एकच बसत असेल, तर मी डोळे झाकून टोकं मागेन. जमलं तर दंत स्वच्छता तज्ज्ञांची पदंही भरा. हे काम शिकलेली माणसं आहेत, त्यांना बोलावणारं कोणी नाही.

लोकांची समजूत हाही त्या खुर्चीचाच भाग आहे. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ हे वाक्य मी रोज ऐकते. कीटणाचा दगड दातांना आधार देत असतो, तो निघाला की आधीच सुटलेला दात मोकळा होतो आणि दोष सफाईच्या माथी येतो. पट्टीबरोबर हे समजावून सांगणारं माणूस नसेल तर दोन रेघा पाहून घाबरलेला रुग्ण सफाईचं नाव काढताच परत जाईल.

अभ्यासाला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर थांबायचं कारण नाही. आशाताईंच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला: ‘एखादा दात हलतो का?’ आणि ‘दात आधीपेक्षा लांब दिसायला लागलेत का?’ हिरड्यांतून रक्त येतं का, हा प्रश्न मुद्दाम तिसरा ठेवा, कारण तंबाखूवाल्यांकडून त्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येईल आणि विचारणारा तिथेच थांबेल. साखर जास्त असलेल्या प्रत्येकाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयाच्या दंत विभागात पाठवावं. पट्टी असो वा नसो. प्रोब कसा धरायचा, किती दाबायचा, हे शिकवायला एक दुपार पुरते. साताऱ्याजवळच्या तालुक्यांत मी आणि माझे दोघे-तिघे सहकारी गुरुवारी हे शिकवायला येऊ शकतो. मानधन नको, प्रवासखर्च दिलात तर नाही म्हणणार नाही.

कळावे,

आपली,
एक हिरडीतज्ज्ञ, जि. सातारा

ता. क. : अभ्यासाच्या आराखड्यात एक गोष्ट राहून जाऊ नये. ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, त्यांच्या हिरडीत ती फटच नसते. त्यामुळे त्यांची पट्टी बहुधा एका रेघेची येईल. त्यांना ‘निरोगी’च्या रकान्यात मोजू नये. त्यांचे दात कशाने गेले ते मात्र अवश्य विचारावं, आणि मशेरी किती वर्षं लावता तेही.